कांदाचाळीतले तापमान आणि बॅटरीचा दाब: एडीसीचे आकडे मीटरशी का जुळत नाहीत?

निफाडकर

नमस्कार मंडळी,

आमच्या कांदाचाळीत आडव्या फळ्यांखाली हवा कोंडते आणि दुपारी आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच चढते. साठवणीसाठी साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. म्हणून तापमानाची नोंद ठेवणारे आणि गरज पडल्यास १२ व्होल्टचा छोटा पंखा चालू करणारे उपकरण मी तयार करत आहे. त्यात आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा नियंत्रक बोर्ड) आहे. चाळीच्या मधोमध एलएम३५ हा तापमान सेन्सर सुमारे ८ मीटर तारेने जोडला आहे आणि सौर पॅनेलवर चार्ज होणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाबही (व्होल्टेज) त्याच बोर्डातल्या एडीसीकडून, म्हणजे दाबाचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाकडून, मोजायचा आहे. बॅटरी उगाच खर्च होऊ नये म्हणून दाब कमी करून पिनेला देणाऱ्या विभाजकात वर १ मेगाओम आणि खाली ४७० किलोओम असे रेझिस्टर घेतले आहेत. रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करून एडीसी मोजतो तो दाब) नेहमीचाच, म्हणजे बोर्डाचा ५ व्होल्टचा पुरवठा आहे. प्रोग्राम दर सेकंदाला आधी एलएम३५ आणि लगेच बॅटरी वाचतो.

मला तीन गोष्टींचा उलगडा होत नाही.

पहिली अशी की मल्टिमीटर बॅटरीवर १२.६ व्होल्ट दाखवतो, पण माझ्या डिस्प्लेवर ११.७ च्या आसपास आकडा येतो. एलएम३५ वाचणारी ओळ प्रोग्राममधून काढली की तोच आकडा १२.५ च्या वर जातो. एका पिनवरचे वाचन दुसऱ्या पिनवरच्या वाचनावर परिणाम कसे करू शकते? शिवाय मीटर थेट विभाजकाच्या मधल्या जोडावर लावला, तर गणिताने ४.०३ व्होल्ट यायला हवेत तिथे तो ३.९ दाखवतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. पाऱ्याचा तापमापक ३० अंश दाखवत असताना माझ्याकडे ३१.२५ येते. ते बदलते तेव्हा ३०.७६, ३१.२५, ३१.७४ असेच आकडे दिसतात, मधला एकही नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत विचित्र वाटते. संध्याकाळी चाळीतले दिवे लावले की तापमान हळूहळू ३२ च्या पुढे जाते, मग तितक्याच सावकाश ३० च्या जवळ उतरते, आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास हा फेरा पुन्हा सुरू होतो. पारा मात्र जागचा हलत नाही.

नुसता उपाय सांगितलात तरी आभारी राहीन, पण एडीसी आत नेमके काय करतो हे समजले तर अधिक बरे होईल.

---

मिलिव्होल्ट

आपण लक्षणे इतक्या नीट नोंदवली आहेत की त्यांवरूनच बहुतेक कारणे हाती लागतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देतो.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. एडीसीला तापमान कळत नाही, बॅटरीही कळत नाही आणि खरे तर व्होल्टही कळत नाही. एका विशिष्ट क्षणी एका अतिशय लहान कपॅसिटरवर जो दाब अडकवून ठेवला, तो रेफरन्स व्होल्टेजच्या किती पट आहे, एवढे एकच गुणोत्तर तो शोधतो. त्यामुळे आकडा चुकला की तो कपॅसिटर पुरता भरला होता का आणि रेफरन्स आपण समजतो तेवढाच होता का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

उनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये एडीसी एकच आहे. सगळ्या ॲनालॉग पिना एका निवडक स्विचमधून आळीपाळीने त्याला जोडल्या जातात आणि नमुना धरून ठेवणारा कपॅसिटरही सगळ्यांत मिळून एकच असतो, सुमारे १४ पिकोफॅराडचा. आर्डुइनोच्या नेहमीच्या मांडणीत एडीसीचे घड्याळ १२५ किलोहर्ट्झवर चालते. रूपांतर सुरू झाल्यावर दीड ठोक्याने, म्हणजे १२ मायक्रोसेकंदांनी, पिनेचा संबंध तुटतो आणि तोवर जो दाब कपॅसिटरवर पोचला असेल तोच पुढे मोजला जातो. संपूर्ण रूपांतराला १३ ठोके, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद लागतात, पण त्यातल्या उरलेल्या वेळात पिनेवर काय चालले आहे याच्याशी एडीसीला देणेघेणे नसते.

आता आपला विभाजक पाहा. १ मेगाओम आणि ४७० किलोओम एडीसीच्या बाजूने पाहिले तर समांतर येतात, म्हणजे पिनेमागचा रोध सुमारे ३२० किलोओम होतो. कपॅसिटरवर आधीच्या वाचनातले एलएम३५ चे ०.३ व्होल्ट शिल्लक असतात आणि तिथून त्याला १२ मायक्रोसेकंदांत ४.०३ व्होल्टपर्यंत चढायचे असते. ठिबकच्या नळीखाली हंडा धरून तो डोळ्याचे पाते लवायच्या आत भरावा अशी अपेक्षा करण्यासारखेच हे आहे. आतल्या स्विचचा रोध १० किलोओम धरला तर कालस्थिरांक (कपॅसिटर किती झटपट भरतो याचे माप, म्हणजे रोध गुणिले कपॅसिटरची धारकता) ३३० किलोओम गुणिले १४ पिकोफॅराड, म्हणजे ४.६ मायक्रोसेकंद येतो. १२ मायक्रोसेकंदांत असे २.६ कालस्थिरांक मावतात आणि तेवढ्या वेळात ३.७३ व्होल्टच्या फरकापैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ०.२८ व्होल्ट, भरायचे राहून जातात. विभाजकाचे प्रमाण उलटे लावले की हीच तूट बॅटरीच्या भाषेत ०.८६ व्होल्ट होते, आणि आपल्याला दिसणारा ११.७ हा आकडा तिथेच जाऊन पोचतो. पिनेच्या आणि तारांच्या फुटकळ धारकतेमुळे हा हिशेब ढोबळच राहील, तरी तुटीचा क्रम हाच आहे. एलएम३५ ची ओळ काढली की कपॅसिटर प्रत्येक वेळी जवळजवळ भरलेलाच असतो, म्हणून तूट नाहीशी होते.

उत्पादकाच्या माहितीपत्रकात पिनेमागचा रोध १० किलोओमपर्यंत ठेवावा असे सांगितलेले असते. त्याच माहितीपत्रकात आतला रोध १ ते १०० किलोओम दिला आहे. वाईटात वाईट म्हणून आतले १०० आणि बाहेरचे १० किलोओम धरा: ११० किलोओम गुणिले १४ पिकोफॅराड म्हणजे १.५४ मायक्रोसेकंद. दहा बिटांच्या (म्हणजे एकूण १०२४ पायऱ्यांपैकी) अर्ध्या पायरीइतके अचूक भरायला ७.६ कालस्थिरांक लागतात आणि त्यांचा गुणाकार ११.७ मायक्रोसेकंद येतो. १२ मायक्रोसेकंदांत हे जेमतेम बसते.

मीटरने पिनेवर ३.९ दाखवणे हा दोष वेगळा आहे. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओम असतो आणि ३२० किलोओमच्या उगमाला तो जोडला की दाब तीन टक्क्यांच्या आसपास खाली ओढला जातो. म्हणजे तिथे ४.०३ च होते, मीटरने लावल्याबरोबर ते कमी केले.

पिनेपासून ग्राउंडला (बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या टोकाला) ०.१ मायक्रोफॅराडचा सिरॅमिक कपॅसिटर लावणे हा नेहमीचा उपाय आहे. त्याच्यापुढे १४ पिकोफॅराड नगण्य असल्याने नमुना घेताना दाब अर्ध्या मिलिव्होल्टनेच ढळतो आणि सेकंदाला एकच वाचन असल्यामुळे ३२० किलोओममधूनही तो पुन्हा भरायला भरपूर वेळ मिळतो. मात्र दोन पिना आळीपाळीने सेकंदाला हजारो वेळा वाचायला लागलात तर तूट परत डोके वर काढेल. शिवाय पिनेच्या गळतीची कमाल मर्यादा १ मायक्रोॲम्पिअर दिलेली असते. प्रत्यक्षात ती फार कमी असते, पण उष्णतेत वाढते, आणि ३२० किलोओमवर १ मायक्रोॲम्पिअर म्हणजे ०.३२ व्होल्टची चूक.

त्यामुळे मी रेझिस्टरच बदलीन, आणि ते रेफरन्सबरोबरच ठरवीन, कारण आपला दुसरा प्रश्न रेफरन्सचाच आहे.

५ व्होल्ट भागिले १०२४ म्हणजे एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची. एलएम३५ एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एक पायरी जवळजवळ अर्ध्या अंशाची झाली. आपल्याला दिसणारे तीन आकडे हे ६३, ६४ आणि ६५ या लागोपाठच्या पायऱ्या आहेत. त्यांच्या मधले काही दिसणारच नाही, दशांशस्थळे कितीही छापली तरी. आणि सव्वा अंशाची चूक येते ती पुरवठा खरोखर ५ व्होल्ट नसल्यामुळे. तो ४.७५ व्होल्ट असेल तर ३०० मिलिव्होल्टचा आकडा ६४ येतो, प्रोग्राम त्याला ५ व्होल्टच्या पायरीने गुणतो आणि ३१.२५ छापतो. बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवर मीटर लावून पाहावे. माझा अंदाज आहे की तिथे ४.७५ च्या जवळचा आकडा मिळेल.

इथे एक भेद सांगितला पाहिजे. थर्मिस्टरला (तापमानाबरोबर रोध बदलणाऱ्या सेन्सरला) बोर्डाच्या त्याच ५ व्होल्टवरून विभाजकातून पुरवठा दिला, तर पुरवठा घटताच पिनेवरचा दाब आणि रेफरन्स एकाच प्रमाणात घटतात आणि गुणोत्तर तसेच राहते. एलएम३५ चे तसे नाही. तो पुरवठ्याची पर्वा न करता आपले ३०० मिलिव्होल्ट देतो आणि हा त्याचा गुणच आहे, पण हलत्या रेफरन्सने भागून आपण तो वाया घालवतो.

म्हणून चिपच्या आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स वापरावा. मग पायरी १.०७ मिलिव्होल्टची, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाएवढी होते आणि ११० अंशांपर्यंत मोजता येते, जे चाळीला पुरून उरेल. हा रेफरन्स चिपगणिक १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो, पण एका चिपमध्ये बराच स्थिर राहतो. तेव्हा तो निवडून एक वाचन घ्यावे, रेफरन्सचा दाब जिथे मिळतो त्या एरेफ पिनेवर मीटरने दाब पाहावा आणि तोच आकडा प्रोग्राममध्ये घालावा.

बॅटरीसाठी वर १५० किलोओम आणि खाली १० किलोओम, दोन्ही एक टक्का अचूकतेचे, घ्यावेत. प्रमाण १६ ला १ होते, १४.४ व्होल्टला पिनेवर ०.९ व्होल्ट येतात, पिनेमागचा रोध ९.४ किलोओम राहतो आणि एक पायरी बॅटरीच्या १७ मिलिव्होल्टची होते. एलएम३५ साठी १.१ आणि बॅटरीसाठी ५ असा रेफरन्स सतत पालटण्यापेक्षा हे कितीतरी चांगले, कारण उनोच्या एरेफ पिनेवर ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर असतो आणि रेफरन्स बदलल्यावर तो स्थिरावेपर्यंतची वाचने भरवशाची नसतात. बॅटरीच्या खर्चाची चिंता करू नये: नवा विभाजक सुमारे ८० मायक्रोॲम्पिअर घेईल, तर उनोचा बोर्ड नुसता चालू राहायलाच ५० मिलिॲम्पिअरच्या आसपास खातो.

१.१ व्होल्टच्या रेफरन्सवर ३०० मिलिव्होल्ट आले की आत काय घडते तेही सांगतो, कारण आपण ते विचारले आहे. एडीसी प्रथम ५५० मिलिव्होल्टशी तुलना करतो. दाब कमी, म्हणून पहिला बिट ०. मग २७५ शी. जास्त, म्हणून १. मग ४१२.५, ३४३.७५ आणि ३०९.४ शी, तिन्ही वेळा ०. पुढे २९२.२ ला १, ३००.८ ला ०, आणि शेवटी २९६.५, २९८.६ व २९९.७ ला १, १, १. दहा तुलनांनंतर ०१०००१०१११ हा दहा बिटांचा आकडा तयार होतो, म्हणजे दशमानात २७९. त्याला ११०० ने गुणून १०२४ ने भागावे, २९९.७ मिलिव्होल्ट येतात.

---

पन्नास_हर्ट्झ

वरच्या उत्तरात भर घालण्यासारखे पहिल्या दोन प्रश्नांत काही उरलेले नाही. तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण नमुना घेण्याच्या विषयातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग तिथे आहे.

आपली ८ मीटरची तार दिव्यांच्या २३० व्होल्टच्या वायरला लागून जात असणार. दिवे लागले की तिच्यात ५० हर्ट्झची थरथर शिरते. १० मिलिव्होल्ट म्हणजे एक अंश, त्यामुळे थोडीशी थरथरही पुरते. आता आपण म्हणाल की ५० हर्ट्झची गोष्ट सेकंदाला ५० वेळा वरखाली व्हायला हवी, अर्ध्या मिनिटाची लाट कुठून आली? ती नमुना घेण्याच्या वेगातून आली. तापमान सावकाश बदलते म्हणून सेकंदाला एक नमुना पुरेसा, हे तापमानापुरते बरोबर आहे, पण एडीसी तापमान आणि थरथर यांची बेरीज वाचत असतो आणि थरथरीसाठी हा वेग फारच अपुरा आहे.

वीज पुरवठ्याची वारंवारता काटेकोर ५० नसते. आपल्या देशात ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राखली जाते. समजा त्या घडीला ती ४९.९७ आहे आणि आपण बरोबर एका सेकंदाने नमुना घेत आहात. दोन नमुन्यांमध्ये ४९.९७ आवर्तने होतात, म्हणजे प्रत्येक नमुना थरथरीच्या आधीच्यापेक्षा ०.०३ आवर्तन मागच्या बिंदूवर पडतो. असे सरकत सरकत एक पूर्ण आवर्तन व्हायला सुमारे ३३ नमुने लागतात, आणि डिस्प्लेवर ३३ सेकंदांची एक सुंदर, गुळगुळीत आणि संपूर्ण खोटी लाट उमटते. एकदा नमुना घेऊन झाला की ही लाट खऱ्या बदलापासून कोणत्याही गणिताने वेगळी काढता येत नाही.

हेच कारण आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. प्रोग्राममधला १००० मिलिसेकंदांचा विराम १००७ करावा. तापमान खरेच वरखाली होत असेल तर लाट तितक्याच सेकंदांची राहील. नमुन्यांचा खेळ असेल तर ती तत्काळ मोडेल आणि दर तीन-चार वाचनांनी आकडा उड्या मारू लागेल.

उपाय दोन टप्प्यांत करावा. एलएम३५ ला लांब तारेची धारकता सोसत नाही. थेट जोडल्यास त्याची मर्यादा जेमतेम ५० पिकोफॅराडची आहे आणि ८ मीटर तार त्याच्या कित्येक पट भरते. म्हणून सेन्सरच्या पायालाच २ किलोओमचा रेझिस्टर मालिकेत जोडावा आणि बोर्डाच्या टोकाला पिन व ग्राउंड यांच्यामध्ये १ मायक्रोफॅराडचा सिरॅमिक किंवा फिल्म कपॅसिटर लावावा. सौर चार्ज कंट्रोलरच्या चालूबंदीतून येणारा वरच्या वारंवारतेचा गोंगाट याने बराच गळतो. ही गाळणी सुमारे ८० हर्ट्झची असल्याने ५० हर्ट्झ मात्र तीतून पार होतो. त्याच्यासाठी दर मिलिसेकंदाला एक याप्रमाणे १०० नमुने घेऊन त्यांची सरासरी काढावी. १०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झची पाच पूर्ण आवर्तने मावतात आणि त्यांची बेरीज शून्याजवळ येते, वारंवारता ४९.९० झाली तरी उरणारा अंश नगण्य असतो. घाईघाईने लागोपाठ दहा नमुने घेऊन सरासरी काढणे निरुपयोगी आहे, कारण ते सगळे जेमतेम एका मिलिसेकंदात उरकतात आणि थरथरीच्या एकाच बिंदूवर पडतात.

आणि शक्य असेल तर तार दिव्यांच्या वायरीपासून हातभर दूर न्यावी आणि ती पीळ दिलेल्या जोडीची घ्यावी.

---

निफाडकर

दोघांचेही मनापासून आभार. ५ व्होल्टच्या पिनेवर मीटरने ४.७६ दाखवले. विराम १००७ केल्यावर लाट मोडली आणि आकडे उड्या मारू लागले. नवा विभाजक, आतला रेफरन्स, २ किलोओम, कपॅसिटर आणि १०० नमुन्यांची सरासरी हे सर्व केल्यानंतर बॅटरीचा आकडा मीटरशी जुळतो आणि तापमान पाऱ्यापासून अर्ध्या अंशाच्या आत राहते.

आता पंखा जोडला तेव्हा एक नवी अडचण आली आहे. ३२ अंशांना तो चालू आणि ३० अंशांना बंद व्हायला हवा. चालू बरोबर होतो, पण त्याच क्षणी तापमान ४२ च्या पुढे दाखवू लागते आणि मग पंखा बंदच होत नाही. पंखा सेन्सरजवळच बसवला आहे आणि तो १५० मिलिॲम्पिअर घेतो.

---

मिलिव्होल्ट

पंख्याची परतीची तार आणि एलएम३५ चे ग्राउंड एकच आहे का? आपल्या वर्णनावरून तसेच दिसते. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध ८ मीटरला सुमारे ०.७ ओम भरतो. तिच्यातून पंख्याचे १५० मिलिॲम्पिअर वाहू लागले की तिच्या दोन टोकांमध्ये १०५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. एलएम३५ आपले ३२० मिलिव्होल्ट स्वतःच्या पायाशी असलेल्या ग्राउंडपासून मोजून देतो, एडीसी मात्र ते बोर्डाच्या ग्राउंडपासून मोजतो, आणि मधले १०५ मिलिव्होल्ट साडेदहा अंशांच्या रूपाने तापमानात मिसळतात. तापमान चढले असे दिसते म्हणून पंखा चालू राहतो आणि पंखा चालू आहे म्हणून तापमान चढलेले दिसते.

खात्रीसाठी पंखा चालू ठेवून मीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्टीवर घ्यावा, एक टोक एलएम३५ च्या ग्राउंडच्या पायाला आणि दुसरे बोर्डाच्या ग्राउंडला लावावे. शंभराच्या आसपास आकडा दिसला तर निदान पक्के. पंख्याला बॅटरीपासून स्वतंत्र दोन तारा द्याव्यात, सेन्सरच्या ग्राउंडमधून एलएम३५ च्या नाममात्र प्रवाहाखेरीज काहीही वाहू देऊ नये, आणि दोन्ही ग्राउंड बॅटरीच्या ऋण टोकाजवळ एकाच ठिकाणी मिळवावेत. जाडजूड सामाईक तार टाकून हा फरक कमी होईल, पण जाणार नाही, ०.१ ओम उरला तरी पंख्याबरोबर दीड अंश हलेल.

---

पन्नास_हर्ट्झ

पंख्याच्या दोन टोकांना उलट दिशेने एक डायोडही लावून घ्यावा. बंद होताना पंख्याची वेटोळी जो झटका देतात तो नेमका नमुना घेण्याच्या क्षणी आला तर १०० नमुन्यांतला एखादा फारच भलता येतो आणि सरासरीला ओढतो. पुढे चाळीत आणखी दोन-तीन ठिकाणी, १५-२० मीटरवर सेन्सर लावायचे असतील तर तिथे डीएस१८बी२० हा डिजिटल तापमान सेन्सर घ्यावा असे मी सुचवीन. त्याचा एडीसी सेन्सरच्या आतच असतो, तारेतून आकडेच येतात, आणि −१० ते ८५ अंशांत त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे. बारा बिटांच्या एका वाचनाला तो पाऊण सेकंदापर्यंत वेळ घेतो, पण कांद्याच्या ढिगाचे तापमान तेवढ्या वेळात कुठेही जात नाही.